चुन्यातल्या रेघा

माझ्या दौलतनं मिलिटरीतून निघालेला पिकअप ट्रक घेतला, रिसोडच्या बाजारात भाजी न्यायले. पाऊस आला की केबिन गळे. सून आवडाचे दिवस भरले होते अन् तिले त्यातूनच वाशीमच्या दवाखान्यात न्यायचं होतं. डांबर लावून, काचेचं रबर बदलून आमी थकलो.

शेवटी मीच म्हटलं, "आतल्या पत्र्याले चुन्याची पूड फास. पानी येईन तिथं रेघ उमटन."

मी आत बसले. दौलतनं टपावर बादल्या ओतल्या. वरून थेंब आला नाही. माझ्या पाठीमागं, सीटपासून एक ओली रेघ चुन्यातून वर चढत गेली, थेट टपापर्यंत.

"आई, तूच गळून राह्यली."

"तुहा बापही असाच दात काढे. तू बस."

तो बसला. बादली रिकामी होती, तरी त्याच्याही मागं एक रेघ चढली. मग त्याचं हसू गेलं.

तेवढ्यात आवडा येऊन सीटवर टेकली. तिच्यामागं दोन रेघा निघाल्या. जाड रेघ टपाले लागली. करंगळीएवढी बारीक रेघ अर्ध्यातच थांबली.

"आत्याबाई, सापडलं काय?"

मी तिच्या पोटाकडं पाह्यलं अन् पदरानं चुना पुसला.

"सापडलं," म्हटलं. "तू उतर आधी."