कोण जास्त जाळतं

हरिबानं फ्रीजची पिन काढली, वायर गुंडाळली आणि फ्रीजच्या डोक्यावर ठेवून दिली. दूध त्यानं आधीच तापवून पाण्याच्या परातीत ठेवलं होतं.

"फ्रीज बी बंद?" कडूआक्का ओसरीतून म्हणाली. "ऊन काय म्हणतंय, बघतोस का?"

"माठ हाय ना."

"आन मिक्सर?"

"पाटा हाय."

"मग तू तरी चालू कावून हायस? तुला बी बंद करून टाक."

हरिबा हसला नाही. तो टीव्हीची पिन काढायला वळला.

कडूआक्का ही त्याची थोरली बहीण. दोन भावांचं भांडण मिटवायला ती नेकनूरहून नांदूरघाटला आली होती, आणि अट तिनंच घातली होती.

भांडण विजेचंच होतं. हरिबा आणि त्याचा धाकटा भाऊ भागवत यांची घरं एकाच भिंतीला लागून. मीटर एक, बिल निम्मं-निम्मं. एका उन्हाळ्यात बिल फुगलं. हरिबा म्हणाला, तुझ्याकडं जास्त जळतं. भागवत म्हणाला, तुझ्याकडं. शब्दाला शब्द लागला. मीटर वेगळी झाली आणि बोलणं तुटलं.

त्यातच गेल्या पावसाळ्यात हरिबाची बायको सुभद्राबाई गेली. मातीला भागवत आला, पण लांब लिंबाखाली उभा राहिला. दहाव्याला तर त्यानं हरिबाचा उंबरासुद्धा ओलांडला नाही.

"आता मीटर वेगळी हायती," आक्कानं दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं होतं. "येत्या बिलात ज्याचं जास्त निघंल, त्यानं दुसऱ्याच्या दारात जायचं. चुकलो म्हणायचं, आन जेवून उठायचं."

भागवतनं मान हलवली. हरिबानं मात्र विचारलं, "आन आलाच न्हाई तर?"

"माझ्या शब्दाबाहेर गेलाय का तो कधी?"

हरिबाला भागवतकडून दुसरं काही नको होतं. सुभद्राबाई लग्न होऊन आली तेव्हा भागवत शाळेत जात होता. त्याचा डबा तिनं भरला, त्याच्या लग्नात आईच्या जागी तीच बसली. त्यानं तिच्या फोटोपुढं एकदा येऊन उभं राहावं, एवढंच हरिबाला हवं होतं. आणि उलट झालं तर? जो माणूस तिच्या दहाव्याला आला नाही, त्याच्या दारात जाऊन चुकलो म्हणायचं? हा विचार आला की हरिबा उठून आणखी एक बटन बंद करायचा.

अंघोळीचं पाणी तो तुराट्यांवर तापवू लागला. पंख्याखाली झोपायचं सोडून बाज अंगणात टाकली. ठेचा पाट्यावर वाटताना बोटांची आग झाली तरी वाटतच राहिला. मोबाईल पाशा मिस्त्रीच्या गॅरेजवर चार्ज करून आणू लागला. पाशा म्हणाला, "हरिबा, ये तो चोरी हाय." हरिबा म्हणाला, "चोरी न्हाई, चहा पाजतो तुला."

सुभद्राबाईच्या फोटोपुढं एक लाल बल्ब होता. तो मालवताना त्याचा हात थांबला. मग त्यानं बल्ब मालवला आणि तिथं तेलाची पणती लावली.

भिंतीपलीकडं मात्र सगळं उलटं चाललं होतं. गोठ्यातला बल्ब भर उन्हात जळायचा. न्हाणीतला हिटर बादलीत बुडबुडत असायचा. आणि एक दिवस तर भागवतनं म्हशीपुढं टेबल फॅन लावला.

दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते जनावरांशी.

"मजा हाय बाबा तुझी," हरिबा भिंतीवरून म्हशीला म्हणाला. "मालक राजा हाय तुझा."

"हवा खा, बाय," पलीकडून भागवत म्हशीला म्हणाला. "लोकांच्या पोटात दुखंना का. आपली म्हस, आपलं मीटर."

हरिबा घरात आला आणि आक्काला म्हणाला, "बघ. मी म्हणत होतो ना, जास्त कोण जाळतं ते."

आक्कानं पदरानं वारा घेतला.

बिलं आली तेव्हा आक्कानं भागवतची सून अंजू हिला बोलावलं आणि दोन्ही वाचायला लावली. अंजूनं आधी हरिबाचं वाचलं, मग सासऱ्याचं. भागवतचं बिल हरिबाच्या चौपट होतं. भागवत दूर उभा होता. तो जमिनीकडं बघत घरात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो हरिबाच्या दारात आला. धुतलेलं धोतर, नवी टोपी. उंबऱ्यावर तो जरा थांबला, मग आत आला. हरिबाकडं न बघता सरळ फोटोपुढं गेला. डोकं जमिनीला टेकवलं, ते बराच वेळ उचललं नाही.

"चुकलो," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते कळलं नाही.

आक्का ओसरीतच थांबली, हरिबानं दोन ताटं वाढली. पिठलं, भाकरी, ठेचा. भागवत खाली मान घालून जेवू लागला. दोन घास पोटात गेल्यावर हरिबाला राहवेना.

"दिवसाढवळ्या बल्ब कावून जाळतो बे? आन हिटर. पाणी तापलं की काढून घ्यावा माणसानं."

"व्हय दादा."

"म्हशीला कुणी फॅन लावतं का? नुसतं पाणी मारलं तरी गार राहती ती. जरा अक्कल चालव."

"चुकलंच माझं."

"हट्टापायी हरलास तू. माझ्यासारखं आवरतं घेतलं असतं तर ही वेळ आली नसती तुझ्यावर."

"नसतीच आली," भागवत म्हणाला आणि त्यानं भाकरी मागून घेतली.

हरिबानं वाढली. इतक्या महिन्यांत त्या घरात भावाचं ताट पहिल्यांदाच पडलं होतं.

तेवढ्यात अंजू लगबगीनं दारात आली. तिनं पदर सावरला आणि सासऱ्याला विचारलं, "मामा, तो हिटर आन म्हशीचा फॅन आता तरी बंद करू का? तुमीच म्हणलतात ना, थोरल्या मामांच्या दारात जायला मिळंस्तोर समदं चालू ठिव."