शंकरप्पाची झोपमोड

"आधी मेन स्विच बंद कर," गुरु कुजबुजला.

"केला की."

"खटका जोरात वाजला का?"

"खटका हाय तो. वाजणारच की," महेश्वरी म्हणाली, पण तीही कुजबुजूनच.

नवराबायको भिंतीकडे बघत थांबले. भिंतीपलीकडे शंकरप्पा झोपलेला होता. तिकडून काही आवाज आला नाही. शंकरप्पाही आला नाही.

कुंभारीतल्या या बैठ्या घरांच्या ओळीत ते नुकतेच राहायला आले होते. वर्षातलं हे तिसरं घर. आधीची दोन गुरुच्या स्पीकरांनी घालवली होती. घरमालकाची इथे एकच अट होती, शेजाऱ्याला त्रास नको. महेश्वरीने त्यात स्वतःची एक घातली होती.

"हे घर गेलं तर चौथं मी बघणार न्हाय. मी जेऊरला माहेरी, आन् तुमी तुमच्या डब्यासोबत."

डबा म्हणजे होम थिएटरचा रिसीव्हर. तो घ्यायचं गुरुच्या मनात लग्नाआधीपासून होतं. महेश्वरीला त्याने तसं स्पष्ट सांगितलंही होतं, लग्नानंतर.

शंकरप्पाची माहिती समोरच्या धनलक्ष्मीवहिनींनी पहिल्याच दिवशी पुरवली होती.

"टॉवेलच्या कारखान्यात रातपाळीला हाय. दिवसा झोपतो. डोळे बघा त्याचे, तिखट गेल्यावानी लाल. परवा मी शेंगाचटणी करत हुते. मिक्सर बंद केला आन् मागं वळले, तर दारात हा. बोलंना काय न्हाय. नुसता मिक्सरकडं बघत हुता."

"मग?"

"मग काय, मिक्सरच देऊन टाकला."

"आन् त्यानं घेतला?"

"घेतला की. दोन दुपारी नुसता रिकामाच फिरवला घरात. मग जळाल्याचा वास आला."

ओळीतल्या सगळ्यांनी याचा एकच अर्थ लावला होता. मिक्सरनंतर माणूस. तेव्हापासून शेंगा उखळात कुटल्या जात होत्या, तेही उखळाखाली गोधडी घालून. शंकरप्पाच्या सायकलीला कुणी हात लावत नव्हतं. तिच्या मागच्या चाकात कोळ्याने जाळं केलं होतं. ते काढायचीही कुणाची छाती नव्हती.

गुरु तारा जोडत होता. लाल ती लालला, काळी ती काळ्याला. तारेचा एक धागा जरी शेजारच्या तारेला चिकटला तर रिसीव्हर जळतो, असं माहितीपुस्तकात होतं. शंकरप्पाबद्दल पुस्तकात काही नव्हतं. डब्याची पिन त्याने कूलरच्या बोर्डात न घालता भिंतीतल्या तीन पिनच्या सॉकेटात घातली.

महेश्वरीने आतून जाड चादर आणून डब्यावर टाकली.

"काढ ती! वरची जाळी मोकळी पायजे, न्हायतर तापतोय."

"मग माझ्यावर घाला. मला थंडी वाजतीय."

एप्रिलची दुपार होती.

गुरुने आवाज शून्यावर नेला, मेन स्विच चालू केला आणि डब्याचं बटण दाबलं. दिवा लागला. काही जळालं नाही. मग त्याने एक छोटा माइक स्टुलावर ठेवला, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला.

"आता हा सोताच आवाज करतो आन् खोलीचा अंदाज घेतो. आपण फक्त गप बसायचं." त्याने बटण दाबलं.

"किती आवाज करतो?"

गुरुने पान उलटलं. "ते तोच ठरवतो म्हणं. आपल्याला कमी करता येत न्हाय."

हे पान आधी वाचायला हवं होतं.

डावीकडून खर्रर्र-खट्. उजवीकडून खर्रर्र-खट्. मग कोपऱ्यातल्या वूफरने धाड्कन जमीन हलवली. मांडणीतली ताटं थरथरली. पुन्हा डावीकडून खर्रर्र-खट्.

गप बसायचं असल्याने महेश्वरीला किंचाळता येईना. तिने हात जोडले. समोर धनलक्ष्मीवहिनींनी दार लावलं. मग उघडून बाहेरच्या चपला आत घेतल्या आणि पुन्हा लावलं.

इतक्यात भिंतीपलीकडे काहीतरी जड धप्पकन पडलं.

"उठला," महेश्वरी म्हणाली.

पण नंतर काहीच नाही. ना शिवी, ना पाऊल. हे जास्त वाईट होतं. टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं आली, माइक दुसऱ्या जागी ठेवा. गुरुने ठेवला. खर्रर्र-खट्. मग तिसऱ्या जागी. खर्रर्र-खट्, धाड्. पलीकडे तशीच शांतता.

"काहीतरी शोधत असंल तो," महेश्वरी म्हणाली. "हत्यार वगैरे. बंद करा."

"मधीच पिन ओढू नका असं लिवलंय."

"जेऊरची गाडी कवा हाय, ते लिवलंय का त्यात?"

गुरु खरंच पान चाळायला लागला. तेव्हा तिने उठून मेन स्विचच पाडला.

सगळं गप झालं. पलीकडे दाराची कडी निघाली. जड पावलं आली. यांची कडी एकदाच वाजली.

गुरुने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला, उगाच गैरसमज नको म्हणून, आणि दार उघडलं. दारात शंकरप्पा. अंगात बनियन, डोळे लालभडक, गालावर चटईचे वळ. तो गुरुच्या खांद्यावरून आत डब्याकडे बघत होता.

"चुकलं, काका," गुरु म्हणाला. "आत्ता दुकानात परत देऊन येतो. घर सोडायला लावू नका."

"परत?" शंकरप्पा उंबऱ्यावरच बसला.

"जन्म गेला, पोरा, कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटाशेजारी झोपण्यात. कारखाना बंद पडल्यापासनं घर नुसतं गप हाय, डोळ्याला डोळा लागंना. मिक्सर लावून बघितला, त्योबी जळला. आज तुमचा आवाज आला, तसं धप्पकन अंग टाकलं, आन् कुटं झोप लागली हुती. बंद कुणी केलं?"