शेवटचा हात

बटण दाबलं की संगणक ओरडायचा. लांब, एकसुरी, थांबून थांबून. पडदा मात्र काळाच.

"तसंच ओरडतोय," अक्षरा म्हणाली.

वसंतराव गुरुजींनी वायर उपसली आणि घड्याळाकडं पाहिलं. साडेतीन. चार वाजता शरणबसप्पा आपल्या पोराला, विरेशला, घेऊन येणार होता. हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. सकाळीच त्याचा फोन आला होता. "गुरुजी, पोराला तुमच्या पायावर घालतो. मग तुमीच ठरवा, शिकवायचं का न्हाय."

दसऱ्याला तीन दिवस झाले होते. त्या संध्याकाळी विरेश सोनं द्यायला आला. ओसरीत माणसं बसली होती. त्यानं आपट्याची पानं गुरुजींच्या हातावर ठेवली, पाया पडला आणि नेहमीसारखा संगणकाकडं पळाला. बटण दाबलं आणि हे ओरडणं सुरू झालं.

गुरुजींचा नियम शिकायला येणाऱ्या सगळ्या पोरांना पाठ होता. मशीन बिघडलं की पहिला प्रश्न एकच. शेवटचा हात कुणाचा? तोच त्यांनी चार माणसांसमोर विचारला.

"माझा," विरेश म्हणाला. "पण म्या निस्तं बटण दाबलं."

"नुसतं बटण दाबून मशीन मरत नसतं. पुन्हा ह्या दारात दिसू नकोस."

पोरगं चपला हातात घेऊनच गेलं. त्यानं दिलेली पानं अजून कीबोर्डाशेजारी पडली होती, वाळून वळलेली.

"एका वेळी एकच भाग काढायचा," गुरुजी अक्षराला सांगत होते. पाचवीतली नात जवळ बसली की एरवी त्यांचा हात कसा सावकाश चालायचा. आज स्क्रू दोनदा खाली पडला. "काढायचा, बटण दाबायचं, ऐकायचं. ज्याचा दोष नाही, त्याला बाजूला ठेवायचं."

हार्ड डिस्क बाजूला गेली. सीडीचा ड्राइव्ह गेला. बटणाएवढा सेल गेला. आवाज तोच.

अक्षराची आजी, प्रेमलाताई, चहा ठेवायला आल्या. "अहो, सकाळपासून चौथ्यांदा उघडलात तो डबा. आत शिरताय का काय त्याच्या?"

"चारच्या आत सापडायला पाहिजे."

"सापडल्यावर काय? बघ काय मोडलंस, असं पोराला दाखवणार?"

गुरुजी पुन्हा डब्यात वाकले. चहावर साय धरली.

रॅमची पट्टी राहिली होती. ती काढली. आवाज तोच. पुन्हा बसवली, तरी तोच.

"आजोबा, ही असली काय अन् नसली काय, त्याला काही फरकच पडत नाही," अक्षरा म्हणाली.

गुरुजी थबकले. "शाब्बास. म्हणजे ती आत आहे हेच त्याला कळत नाहीये. दात मळले असतील. तुझा खोडरबर दे."

पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ होती. त्यांनी त्यावरून खोडरबर फिरवला आणि पाहिलं. पांढरा खोडरबर लाल झाला होता.

"कुंकू!" अक्षराला हसू आलं. "खंडेनवमीचं!"

गुरुजींनी चष्मा वर सारून पट्टी उजेडात धरली. ओलं कुंकू दातांच्या फटींतून उतरून वाळलं होतं. वरच्या बाजूला अर्धं बोट उमटलं होतं, रेषांसकट.

खंडेनवमीला त्यांनीच डबा उघडला होता. सगळे भाग ताटात मांडून पोरांना एकेकाची ओळख करून दिली होती. मग प्रत्येक भागाला हळद वाहिली, कुंकवाचं बोट लावलं आणि पुन्हा जागच्या जागी बसवलं. पूजेच्या दिवशी हत्याराला काम लावायचं नसतं, म्हणून चालू करून पाहिलं नाही. चालू केलं ते दुसऱ्या दिवशी. विरेशनं.

दारात मोटारसायकल थांबली.

शरणबसप्पानं पोराला दंडाला धरूनच आत आणलं. "पड पाया."

विरेश पाया पडला. "चुकलं, गुरुजी. पुन्ना हात लावणार न्हाय."

"काय चुकलं?"

विरेशनं आधी बापाकडं पाहिलं. "बटण दाबलं."

"ते चुकलं नव्हतं."

"गुरुजी, उगं पाठीशी घालू नका त्येला," शरणबसप्पा म्हणाला. "माझ्याकडं कबूल झालाय त्यो. दोन ठिवून दिल्या, मग बोलला."

गुरुजींनी पट्टी विरेशसमोर धरली. "हे बोट बघ. माझं आहे. शेवटचा हात माझा होता, विरेश."

शरणबसप्पानं पोराचा दंड सोडला.

"अवो, पण तुमी तर पूजा केली," तो म्हणाला. "पूजेनं कुटं मशीन बिघडतंय व्हय?"

गुरुजींनी उरलेलं कुंकू खोडरबरानं काढलं, खाचेतून ब्रश फिरवला, कट्‌ असा आवाज येईपर्यंत पट्टी दाबून बसवली. वायर लावली. मग खुर्चीवरून उठून बाजूला उभे राहिले.

"ये. तूच चालू कर."

विरेश खुर्चीपर्यंत आला.

"दाब की रे," अक्षरा म्हणाली.

विरेशनं बटणाकडं पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसरा घट्ट धरून ठेवला.