गळाची पिशवी

हार्लनला आयुष्यातली पहिली रायफल घ्यायची होती. टेक्सासातल्या एका बंदुकांच्या दुकानात फौजी थाटाच्या दोन सेमी-ऑटोमॅटिक त्याच्यापुढे होत्या: एक काळी, हलकी, दुसरी लाकडी दस्त्याची, वजनदार. तीन शनिवार झाले तरी ठरत नव्हतं. आज त्यानं खिशातून टेप काढली आणि दोन्ही मापल्या.

"नळी मोजतोयस? शिकलास की रे!" दुकानाची म्हातारी मालकीण व्हर्नेल म्हणाली.

"नळी नव्हे, मिस व्हर्नेल, अख्खी लांबी. माझ्या गळाच्या पिशवीत मावायला हवी. बायकोला सांगितलंय, मासेमारीचा नाद लागलाय."

"आणि ट्वायलाला पटलं? साठ मैलांत डबकं नाही इथे!"

"तिला माझ्याकडे बघायला वेळ कुठाय? चर्चमध्ये वाजवायला गिटार शिकतेय."

"घरी वाजवते का कधी?"

"छे! लाजते बिचारी."

व्हर्नेलनं काळी रायफल उचलून मागे ठेवली आणि लाकडी दस्त्याची त्याच्यापुढे सरकवली.

"मग ही ने. अशीच एक काळी तुझ्या घरात आहे. गेल्याच महिन्यात ट्वायला घेऊन गेली, गिटारच्या पेटीचं माप आणून."