आडातली बादली

पूर ओसरला, पण नळाची मोटर गाळात बसली होती. टँकर अर्ध्या गल्लीला पुरत नव्हता आणि घराघरांत पोरं जुलाबानं आडवी पडली होती. म्हणून नळ आल्यापासून बंद पडलेला जुना आड गल्लीनं उपसायला घेतला.

गाळातून एक पितळी बादली वर आली. "कुणाची ओ ही?" गाळ उपसणाऱ्या मलगोंडानं विचारलं.

"माझी," काठावर बसलेल्या हौसाकाकी म्हणाल्या. "लग्नाच्या वर्षी हातातनं निसटली."

तेव्हा भरल्या घरात नवऱ्याशी दिवसा बोलायची सोय नव्हती. सासूनं बादली काढायला मुलाला दोर आणि गळ देऊन आडावर पाठवलं, आणि कुठं पडली ते दाखवायला सुनेला. तो दोर फिरवत राहिला, ती बोलत राहिली. सारी दुपार गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी दोर हातातून सुटला आणि गळही बुडाला, असं त्यानं घरी सांगितलं. सासूची बोलणी दोघांनी मिळून खाल्ली.

मलगोंडानं चिखल धुतला. बादलीच्या कडीत लोखंडी गळ घट्ट अडकलेला होता.

काकी बराच वेळ गळाकडे बघत राहिल्या. "गळाला काही लागतच नाही गं, म्हणायचे हे," त्या हळूच बोलल्या आणि पदराआड हसल्या.

आडात औषध पडलं, तपासणी होऊन पाणी पिण्यालायक ठरलं. पहिलं पाणी काकींनी चिंचेनं घासलेल्या त्याच बादलीनं शेंदलं. बादली भरून वर आली, पण काकी काठावरून लवकर हलल्या नाहीत.