न जुळणारे क्रमांक

चहाचा ट्रे हातात धरूनच थोरली लेक दाराआड थबकली. आत पिशवीची चेन सरकल्याचा आवाज आला. ती खोलीत शिरली तेव्हा काका एक कॅमेरा कानाशी धरून शटरची टिकटिक ऐकत बसले होते, जणू काही घडलंच नाही.

"यादी कुठवर आली, काका?"

"घाई नको गं. जुनी यंत्रं आहेत. एकेकाला ओळखून घ्यावं लागतं." मग नजर न उचलता म्हणाले, "जरा पाणी आणतेस?"

दर वेळी पाणी.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. कपाटात त्यांचे बावीस कॅमेरे होते, सगळे जुन्या कॅमेऱ्यांचा धंदा करणाऱ्या या काकांकडूनच विकत घेतलेले. विकण्याआधी यादी करून देतो, असं काका आपणहून म्हणाले, तेही फुकट. तेव्हाच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. आठवड्यातून एकदा यायचे. येताना पिशवी जड, जाताना तितकीच जड.

ते गेल्यावर तिनं बाबांची वही काढली. प्रत्येक कॅमेऱ्याच्या माथ्यावर कोरलेला क्रमांक बाबांनी त्यात टिपून ठेवला होता. ती एकेक ताडून पाहू लागली. एकोणीस जुळले. तीन जुळेनात. रूप तेच, चामडं तसंच, क्रमांक मात्र भलतेच.

"तरी मी सांगत होतो," नवरा म्हणाला. "फुकटात कोण कुणासाठी राबतं?"

सकाळी ते तिन्ही कॅमेरे घेऊन ती दुरुस्तीवाल्याकडे गेली. बाबांचे कॅमेरे वर्षानुवर्षं तोच साफ करायचा.

"माझ्या डोळ्यांत धूळ फेकून बदललेत काकांनी. बाबांचे नेले आणि हे आमच्या गळ्यात मारले. तुम्ही बघा आणि लेखी द्या. मला पोलिसांत जायचंय."

दुरुस्तीवाल्यानं डोळ्याला भिंग लावलं. एकेक कॅमेरा उघडला, बराच वेळ आत पाहिलं.

"हे तिन्ही त्यांनीच ठेवले? नक्की?"

"नक्की. का?"

त्यानं भिंग काढलं.

"ताई, तुमच्या वडिलांचे बावीसही कॅमेरे माझ्या हाताखालून गेलेत. एकूण एक बनावट. त्यांचा आनंद बघून सांगायला माझी जीभ रेटली नाही. हे तीन मात्र अस्सल आहेत."