पाण्याची पाटी

स्मृतीनं वाटीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि ओसरीच्या लाल फरशीवर आपलं पूर्ण नाव लिहायला घेतलं. आडनावापर्यंत पोचेतो पहिली अक्षरं वाळून गेली.

"अज्जा, ऊन माझं नाव खातंय!"

"मग उन्हाच्या आधी संपव," येसाजी मास्तर म्हणाले. "पण वळण बिघडलं, तर उरलेलं मी खाईन."

ती हसली. हसता हसता खोकली.

मास्तरांची नजर तिच्या बोटावरून गळ्याशी गेली. खोकला एकच होता. तिनं पुन्हा बोट बुडवलं, तेव्हा त्यांनी आपला रोखलेला श्वास सोडला.

खडूची धूळ तिला सोसत नाही, म्हणून हे पाण्याचं लिहिणं. गल्लीतली बाकीची मुलं शाळेत कन्नड नाहीतर इंग्रजी शिकायची, मराठी फक्त घरात बोलायची, आणि सुट्टीत मास्तरांकडे लिहायला येण्याऐवजी आता क्रिकेटला पळायची. येणारी ही एकटीच उरली होती. तिच्यासाठी मास्तरांनी मांजर आपल्या लेकीकडे धाडलं, गादी उचलून चटई टाकली, उदबत्ती परसात नेली. राहिलं होतं ते कुंपणापलीकडच्या रिकाम्या साइटवरचं काँग्रेस गवत. वळवाच्या दोन पावसांनी ते कमरेएवढं माजलं होतं. डॉक्टरांनी तिच्या दम्याला सगळ्यात वाईट म्हणून सांगितलं होतं तेच. ते आज सकाळी मास्तरांनी एकट्यानं मुळासकट उपटून लांब खड्ड्यात टाकलं होतं.

मघाशी स्मृतीला सोडायला आलेल्या तिच्या आईला, राजलक्ष्मीला, त्यांनी ती मोकळी साइट हौसेनं दाखवली होती.

"या वयात कशाला अण्णा?" ती म्हणाली होती. मग आवाज उतरवून, "गेल्या आठवड्यात रात्रभर ऑक्सिजनवर होती. इथं स्वल्प जरी झालं ना, तर पुन्हा नाही पाठवणार. रागावू नका."

"काही होत नाही. आता आहेच काय इथं?"

स्मृती पुन्हा खोकली. या वेळी थांबली नाही. तिचे खांदे वर उचलले गेले, गळ्याखालचा खळगा आत ओढला जाऊ लागला. मास्तर चटकन पुढं सरकले. त्यांनी तिला ओढून छातीशी घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"हळू, बाळ. घाबरायचं नाही. नाकानं घे. मी आहे ना."

ती त्यांना आणखी चिकटली. तिच्या छातीतली शिट्टी त्यांना आपल्या छातीत ऐकू येऊ लागली. ते जितकं घट्ट धरत, तितकी शिट्टी वाढत होती.

"अज्जा," ती धापा टाकत म्हणाली, "तुमच्या शर्टावर... फुलं."

मास्तरांनी खाली पाहिलं. खिशाच्या शिवणीत, बाहीच्या दुमडीत तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे अडकले होते. तिच्या गालालाही दोन चिकटले होते.

"दूर हो!"

आजवर ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. ती दचकून उभी राहिली.

"फाटकापाशी जा. तिथल्या पायरीवर बस. जा म्हणतो ना!"

ती रडत, घरघरत गेली. मास्तरांनी तिचं दप्तर पायानं फरशीवरून तिच्याकडे ढकललं आणि स्वतः भिंतीला पाठ टेकून उभे राहिले.

"गाल पूस आधी. फ्रॉकनं. आता पंप काढ. हलव. सगळा श्वास सोड. तोंडात धर. दाब, आणि ओढ... ओढ... धरून ठेव. शाबास. सोड."

पाढे म्हणून घ्यावेत तसा त्यांचा आवाज संथ होता.

"पुन्हा एकदा. हलव."

न्यायला आलेली रिक्षा फाटकाशी थांबली, तेव्हा स्मृतीचे खांदे खाली आले होते, पण शिट्टी पुरती गेली नव्हती. राजलक्ष्मी उतरली ती ऐकतच उतरली. तिनं लेकीला जवळ घेतलं, केसांतून एक पांढरा दाणा काढला, बोटांवर धरून पाहिला. मग लांब भिंतीशी उभ्या असलेल्या मास्तरांकडे पाहिलं.

"आंघोळ सोडा अण्णा, निदान शर्ट तरी बदलायचा होतात."

"हात-तोंड धुतलं मी." मास्तर अडखळले. "धुतलेला शर्ट नव्हता. नळ उद्या येणार. एक तांब्या उरला होता... तो हिच्या लिहिण्याला ठेवला."

राजलक्ष्मीनं फरशीवरच्या वाटीकडे पाहिलं. तिनं दप्तर खांद्याला लावलं.

"येते," ती म्हणाली. 'उद्या' म्हणाली नाही.

रिक्षात चढता चढता स्मृती आईचा हात सोडून मागं फिरली. धडा संपला की मास्तर डोक्यावर हात ठेवायचे आणि मगच घरी जायचं, असा त्यांच्याकडे रिवाज होता. ती पायरीशी आली, तिथंच थांबली, डोकं खाली केलं आणि डोळे मिटून वाट पाहू लागली.

मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले.

ती तशीच उभी होती.